दादाच्या नावाचे शंभर

आमचे भाऊजी आयुष्यात एकच खोटं बोलले. पण ते चार वर्षं, दर तीन महिन्यांनी, चार माणसांच्या नावानं. आणि दर वेळी खाली साक्षीदार म्हणून सही माझी. तेव्हा हसायचंच असेल तर दोघांना हसा, एकट्या त्यांना नको.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. नोकरी वजनमापे निरीक्षकाची. मखमलीच्या खणांत बसवलेली पितळी वजनं घेऊन दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचे, शिक्का मारायचा. पाच ग्रॅम कमी भरले तर भर थंडीत दुकानदाराला घाम फोडतील. दुकानातलं पाणीसुद्धा पीत नाहीत, स्वतःची बाटली नेतात. घरीही तेच. वाटाणे आणले की आधी वजन, मग सोलणं. एकदा मी विचारलं, "भाऊजी, वजन शेंगांसकट धरायचं की नुसत्या दाण्यांचं?" तर खरंच विचारात पडले हो! लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत मिळालं असतं. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात आणि रविवारी बंदूक घेऊन जुन्या दगडखाणीकडे जातात.

तिथं आमच्या ह्यांनी हौशी नेमबाजांचा क्लब काढला होता. क्लब म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, पोटावर झोपायला दोन चटया आणि तीनशे मीटरवर मातीचा उंच बांध, त्यावर कागद. पाच माणसं: आमचे हे, भाऊजी, एक दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाले आणि एक कवायतीचे मास्तर. कुणी कुणाला मारायचं नाही, शिकार नाही, पैज नाही. नुसतं कागदाला भोक पाडायचं आणि मग त्या भोकावर तासभर बोलायचं.

एवढ्यावर भागलं असतं. पण ह्यांनी दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांबच्या गावातल्या अशाच एका क्लबाशी टपालानं मैत्रीची स्पर्धा लावली. त्यांनी त्यांच्याकडे गोळ्या झाडायच्या, आम्ही आमच्याकडे. माणशी दहा गोळ्या, शंभर गुण. कागदावर आधी शाईनं नाव घालायचं, मग गोळी. खाली साक्षीदाराची सही. मग पाचही कागद पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून टपालात. पाचाचे चार झाले की क्लब बाद. खाडाखोड दिसली की कागद बाद. एकोणीस वर्षं ही स्पर्धा चालली आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मैत्री टिकते ती अशीच.

त्यांच्या सभागृहात म्हणे एक शिसवी फळी होती. वर लिहिलेलं, 'शंभरपैकी शंभर'. खाली कोरी. एकोणीस वर्षांत कुणाचं नाव तिथं लागलं नव्हतं. भाऊजींना ते हवं होतं. दुसरं काहीही त्या माणसानं जन्मात मागितलं नाही. ना बढती, ना गोडधोड. फक्त त्या फळीवर स्वतःचं नाव.

आणि नेम होता हो त्यांचा! सरावाला लागोपाठ दहा मारायचे. पण स्पर्धेचा कागद लागला, त्यावर स्वतःचं नाव दिसलं, की हात कापायचा. नव्वदच्या वर गाडी जायची नाही. आमचे हे त्र्याण्णव-चौऱ्याण्णव काढायचे, तेही वाऱ्याकडे न बघता. वारा किती, कुठून, बंदुकीवरची नेमपट्टी किती खुणा सरकवायची, हा ताप ह्यांना नको असायचा. त्यामुळे ह्यांच्या गोळ्या कायम डावीकडे. पण तोंड मात्र उजवं. चौघांदेखत म्हणायचे, "धाकट्याचा हात कापतो रे! तराजू धरून धरून!" सगळे हसायचे. भाऊजीही हसायचे. मी एकदा घरी ह्यांना झापलं, "भावाला एकदा बरं म्हणाल तर जीभ झडेल का?" तर म्हणाले, "बरं म्हटलं की बिघडतो." झालं. विषय संपला.

मग चार वर्षांपूर्वी हे गेले. जेवता जेवता गेले. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

महिन्याभरानं भाऊजी खाली आले, हातात एक कोरा कागद. त्यावर ह्यांच्या अक्षरात ह्यांचं नाव. पुढच्या फेरीसाठी आधीच लिहून ठेवलेलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढा एकच झाडून पाठवतो. नाहीतर क्लब बाद होईल." मला राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, निदान एका गावात तरी हे अजून जिवंत आहेत. मी सही केली.

पण एकावर थांबलं नाही. वर्षाच्या आत डॉक्टर लेकीकडे राहायला गेले. बेकरीवाल्यांचे गुडघे गेले, पोटावर झोपले की उठवायला दोघं लागायची. मास्तरांनी मोतीबिंदूनंतर बंदूक सोडली आणि गुलाब लावले. उरले एकटे भाऊजी, आणि दुर्बिणीला डोळा लावून गुण सांगायला मी. पाचही कागद भाऊजीच झाडायचे. दर कागदाला तीनशे मीटर जायचं, तीनशे मीटर यायचं. मी म्हणायची, "या वयात पाय मजबूत होताहेत तुमचे."

आता, साधा माणूस खोटं करतो तेव्हा चार भोकं पाडून मोकळा होतो. भाऊजी निरीक्षक पडले! जुन्या वह्या काढून प्रत्येकाची तऱ्हा लिहून काढली. बेकरीवाले चाप हिसकायचे, म्हणून त्यांच्या गोळ्या खाली उजवीकडे. डॉक्टर फार वेळ नेम धरायचे, म्हणून शेवटच्या तीन ढिल्या. मास्तरांची एक गोळी न चुकता भलतीकडे. आणि दादाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, कागदावर वाऱ्याची दुरुस्ती करायची नाही म्हणजे नाही. दुसऱ्यांच्या नावानं आठ म्हणाल तिथं आठ, सात म्हणाल तिथं सात, हात दगडासारखा. शेवटी स्वतःचा कागद लागायचा आणि पुन्हा थरथर. नव्वद. एकोणनव्वद. कपाळावर हात मारून घ्यावा की रडावं, मला कळायचं नाही.

मग यंदा एका रविवारी सकाळी पहिले तीन कागद नेहमीसारखे झाले. चौथा दादाचा. पहिली गोळी, मी दुर्बिणीतून बघितलं. "दहा." दुसरी, दहा. मी म्हटलं, "भाऊजी, हा तुमच्या दादाचा कागद आहे, ध्यानात आहे ना?"

"आहे," म्हणाले. "वारा पडलाय, वहिनी. बांधावरची झेंडी बघा. दादानं दुरुस्ती केली नसती, मीही केलेली नाही. आज त्याच्याही मधेच बसल्या असत्या."

खोट्यालासुद्धा या माणसाचे नियम! तिसरी दहा, चौथी दहा. सातवीही दहा. मी म्हटलं, "अहो, आता एक नऊ मारा."

"मारायची म्हणजे मुद्दाम मारावी लागेल."

"चार वर्षं दुसरं काय करताय?"

त्यांनी गाल पुन्हा बंदुकीला टेकवला. आठवी दहा, नववी दहा, आणि दहावी झाल्यावर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीच म्हटलं, "दहा." मग बराच वेळ चटईवर तसेच पालथे पडून होते. त्यानंतर स्वतःच्या नावाचा कागद लावला तोवर वारा सुटला होता. अठ्ठ्याऐंशी.

घरी येऊन मी म्हटलं, "खोडा ते नाव." खोडलं तर कागद बाद. नाही पाठवला तर चारच कागद, क्लब बाद. दुसरा झाडायला भाऊजी तयार नाहीत, एका नावाला एकच कागद. दोन दिवस तो कागद टेबलावर होता. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी नळीत घातला.

महिन्यानं पत्र आलं. त्यांच्या चिटणिसांचं अक्षर मोत्यासारखं. सगळा क्लब नाचला म्हणे. फळीवर पहिलं नाव लागणार, समारंभ आहे, मानकऱ्यांनी यावंच. भाऊजींनी लगेच उत्तर धाडलं, 'दादांची तब्येत बरी नाही.' तब्येत बरी नाही! माणूस गेल्याचं इतक्या सौम्य शब्दांत कुणी कळवलं नसेल. उलट टपाली उत्तर आलं, 'मग आम्हीच सगळे भेटीला येतो.'

आमच्या तोंडचं पाणीच पळालं. काय दाखवणार होतो? शेड, दोन चटया आणि मास्तरांचे गुलाब? शेवटी एकच वाट उरली. भाऊजी दादा म्हणून गेले. आणि चिटणिसांनी आग्रहानं लिहिलं होतं, 'इतकी वर्षं सही करणाऱ्या साक्षीदार बाईंनाही घेऊन या.' म्हणून मीही गेले, कुणाची कुणी नसलेली. गाडीत भाऊजी मला 'वहिनी' न म्हणण्याचा सराव करत होते. "बाई, पाणी देता का?" म्हणाले. मी म्हटलं, "स्वतःची बाटली आणली नाही का, साहेब?"

सभागृहात तीसेक माणसं होती. फळीवर ह्यांचं नाव पांढऱ्या रंगात, अजून वास येत होता. मला वाटलं होतं मी नुसती बघेन आणि बसेन. तर कसलं काय, डोळ्यांना धारच लागली. शेजारची बाई म्हणाली, "आनंद होतोच हो."

चिटणीस म्हणजे काडीसारखे म्हातारे गृहस्थ, अगदी भले. भाषणात म्हणाले, "यांच्या क्लबाकडून शिका. इथं दरसाल दोघं सोडून जातात. आणि यांचे तेच पाच, एकोणीस वर्षं, एकही बदल नाही. याला म्हणतात निष्ठा!" टाळ्या. मग भाऊजींकडे वळून म्हणाले, "तुमच्या धाकट्या बंधूंचंही कौतुक आहे मला. नव्वदच्या वर जात नाहीत बिचारे. पण दर वेळी तो कागद न चुकता पाठवतात. धीर लागतो हो त्याला."

मी मान खाली घातली. भाऊजी बोलायला उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नाही. म्हणाले, "धाकटा माझ्यापेक्षा सरस नेमबाज आहे. पुष्कळ सरस. मी हे त्याला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं." आणि खाली बसले.

टाळ्या केवढ्या पडल्या! चिटणीस माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले, डोळे पुसत म्हणाले, "काय माया आहे भावावर! बाई, तुम्ही तर दोघांना बघता. खरं सांगा, धाकटे एवढे चांगले आहेत?"

"आहेत," मी म्हटलं. "या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा चांगले आहेत."

ते खळखळून हसले. "तुमच्या क्लबात सगळेच एकमेकांना सांभाळून घेता बुवा," म्हणाले, आणि उठून गेले. पन्नासेक खोट्या सह्या केल्या होत्या मी, या माणसानं एकीवरही बोट ठेवलं नव्हतं.

परतीच्या गाडीत भाऊजींनी विचारलं, "चिटणीस काय विचारत होते?"

"धाकटे खरंच सरस आहेत का, म्हणत होते."

"मग?"

"म्हटलं, आहेत."

"विश्वास बसला?"

"नाही."

भाऊजींनी खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाले, "दादाचाही बसला नसता."

'बसला असता हो' म्हणायला मी तोंड उघडलं. पण ह्यांच्याबरोबर संसार मी केला होता, मला ठाऊक होतं. मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.