गोधडीखाली कॅमेरा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. सुट्या बटणांसारखे ते डब्यात साठत जातात आणि एक शोधायला गेलं की सगळेच हाताला लागतात. आमच्या डब्यातली निम्मी बटणं एका कॅमेऱ्याची. तोही घेतलेला नव्हता, नुसता निवडायचा चालला होता!

ठाकूरद्वारच्या चाळीत आमची एक खोली. सासूबाई, मामंजी, धाकटे दीर वसंतभावजी, हे आणि मी. लग्नाला तीन महिने झाले होते. ह्यांच्याशी एकांतात बोललेली वाक्यं बोटांवर मोजता आली असती. "पाणी देऊ?" हे त्यातलं सगळ्यांत लांब.

*

ह्यांना हवा होता घडीचा कॅमेरा. झाकण उघडलं की चामड्याचा भाता पुढे येतो, तसला. नवा परवडणारा नव्हता. दादरला जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं, तिथले नाना म्हणाले, "लेन्स मागाहून बघा, आधी भाता! अंधारात आत बॅटरी लावायची. उजेड बाहेर आला की समजा भोक. शनिवारी न्या, नाही पटला तर सोमवारी परत आणा."

भर दुपारी चाळीत अंधार आणायचा कुठून? म्हणून गोधडी. एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने भाता फिरवत बघायचं. आधी वसंतभावजी आत शिरले. दोन मिनिटांत शिंकत बाहेर!

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सूनबाईला ने रे. खडा तिलाच दिसतो."

गोधडीखाली हे पुटपुटले, "दिसलं?"

"काय?"

"भोक."

"बॅटरी माझ्या तोंडावर धरलीय तुम्ही."

*

तिसरा कॅमेराही परत न्यायचं ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बायको एकदाच पाहिलीस आणि हो म्हणालास. ह्या डब्यालाच एवढी चिकित्सा?"

हे भात्याला डोळा लावून बसले. कान मात्र बाहेर होते. लालभडक!

*

ह्या कॅमेऱ्यांच्या लेन्सवर फुटांचे आकडे असतात, अंतर अंदाजाने लावायचं. सगळ्यांत जवळचं पाच फूट. ह्यांनी मला खिडकीशी उभं केलं. "पाच फुटांच्या आत येऊ नकोस, पुसट दिसशील."

मामंजी दिवसाकाठी चार शब्द बोलत. त्यांनी पेपर खाली केला. "खोली दहा फुटांची आहे."

त्या दिवसाचे चारही संपले.

*

चौथ्याच्या भात्याला कोपऱ्यात एकच भोक होतं. हे तो घेऊन गेले थेट गल्लीतल्या अण्णांकडे. अण्णा बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. त्यांनी भाता ओढला, कानाशी धरून दाबला. "भाता झकास आहे हो! पण पट्ट्या कुठायत?"

अण्णांनी ठिगळ लावलं. त्याच संध्याकाळी वसंतभावजी कॅमेरा घेऊन शिवाजी पार्कावर सभेला गेले. "संयुक्त महाराष्ट्र" ऐकलं की त्यांचे दोन्ही हात आपोआप वर जात, "झालाच पाहिजे!" कॅमेऱ्यासकट. रोलमधल्या आठांपैकी सात फोटोंत नुसतं आभाळ!

आठव्यात वक्ता होता. डोक्यामागे पांढरं वलय. सासूबाईंनी हात जोडले. "काय तेज आहे माणसाचं!"

हे म्हणाले, "आई, ठिगळ निघालंय."

*

मग एका शनिवारी नानांनी दिला तो भाता कोरा करकरीत. किंमतही झेपणारी. गोधडीखाली आम्ही तो दोनदा फिरवला. उजेडाचा ठिपका नाही.

"निर्दोष आहे," हे म्हणाले. बदलीची ऑर्डर वाचल्यासारखे.

पुढच्या शनिवारी गोधडी ही नुसती गोधडीच असणार होती.

बाहेर आलो. सासूबाईंनी विचारलं, "काय रे, ठेवायचा ना हा?"

हे जमिनीकडे बघत राहिले. तोंड उघडलं ते मी. "एक वाटतंय. अगदी बारीक."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. तांदळाचं ताट बाजूला सारून उठल्या आणि मामंजींच्या हातातला पेपर काढून घेतला.

"अहो, चला. बॅटरी धरा. एकट्याने होत नाही ते."

गोधडी दोघांवर पडली. मग बांगड्या वाजल्या. वसंतभावजींना राहवेना. "आई, सापडलं का?"

आतून मामंजींचा आवाज आला.

"दोन आहेत. शनिवारी बघू!"