हाडांवरून चाल ओळखणारे सखारामपंत

सखारामपंत जोगळेकरांची आणि माझी ओळख मांडवीच्या वाळूत झाली. मी रत्नागिरीच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. पंत तेथे चित्रकला शिकवीत. ते ओणवे होऊन बैलाच्या दोन पावलांतले अंतर सुतळीने मोजत होते. मी थांबलेला पाहून म्हणाले, "ओझं वाढलं की पाऊल आखूड पडतं. मेलेल्या जनावराची चाल कळायला आधी जिवंत जनावर बघावं लागतं."

मेलेले जनावर म्हणजे डायनासोर. पंत पूर्वी मध्य प्रांतात भूगर्भ संशोधकांच्या तुकडीत चित्रकार होते. खडकातून निघालेले मांडीचे एक प्रचंड हाड त्यांनी महिनाभर निरखून चितारले. हाड हत्तीच्या हाडासारखे सरळ होते. स्नायू जेथे चिकटत तेथले खडबडीत वण त्यावर होते. हा प्राणी खांबासारख्या पायांवर जमिनीवरून चालत असणार, असे त्यांना दिसले. तुकडीच्या गोऱ्या साहेबांच्या मते असले धूड सरड्यासारखे पाय पसरून पाण्यातच राहणार. चित्रात पाय तसे वाकवा, असा त्यांनी हुकूम केला.

"सांधा तसा वाकत नाही, साहेब," पंत म्हणाले.

नोकरी गेली. पत्नी आधीच आजारी होत्या. रत्नागिरीला परतल्यावर वर्षभरात त्या गेल्या. एकदाच पंत मला म्हणाले, "पाय वाकवून दिले असते तर तिथल्या डॉक्टरांच्या हाती ती वाचली असती का, हे मला अजून सुटलेलं नाही."

माझी धाकटी मुलगी विषमज्वराने गेली तेव्हा पंत रोज येऊन ओसरीवर बसत. मला तेवढेच सोसवत होते.

त्या हाडावर त्यांनी लिहिलेला लेख मुंबईच्या एका मासिकाकडून परत आला. पुन्हा पाठवा, असे मी सुचवले. ते म्हणाले, "नको. हाडावरून आपण चाल ताडतो. असल्या जनावराचं चिखलात उमटून दगड झालेलं पाऊल मिळत नाही, तोवर साहेब चुकले असं मी कसं म्हणू?"

काचबिंदूने आता त्यांची दृष्टी गेली आहे. परवा त्यांनी सारी चित्रे माझ्या हवाली केली. "मला हे नि कोरा कागद सारखंच," म्हणाले.

विलायती मासिक आले की मी त्यांना वाचून दाखवतो. ते आधी विचारतात, "पाऊल सापडलं का कुठे?" मी नाही म्हणतो.

पंतांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. निदान एकदा तरी मला हो म्हणता येईल, इतके.