सालकीनच्या अंगणातला जनाजा

सव्वीस वर्षं मी नोटरीच्या कचेरीत टाइपरायटर बडवला. मृत्युपत्रं, खरेदीखतं, वाटण्या, सगळं माझ्या बोटांखालून गेलंय. म्हणून गावातला जो तो कागद घेऊन माझ्याच दारात येतो, आणि मी सांगते त्याच्या बरोबर उलटं करतो. सालकीनही त्यातलीच. माझ्या भिंतीला भिंत लागून राहायची.

नवरा तरुणपणीच गेला तिचा. मग मॉस्कोत एका तळघरात बारा वर्षं तिने शर्टांच्या कॉलरी शिवल्या. डोळे अधू झाले, पाठ धरली, आणि त्या कमाईतून तिने माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बेयशेन-अतांचं, म्हणजे बेयशेनबाबांचं, घर घेतलं. अतांनी ते स्वतःच्या हातांनी बांधलेलं. म्हातारपणी एकटं राहवेना, म्हणून बिश्केकला मुलाकडे, मेलिसकडे, निघाले होते.

व्यवहार झाला तो आमच्याकडे होतो तसाच. खरेदीखत करायचं म्हणजे मोजणी, नकाशे, दहा खिडक्यांवर हात जोडायचे. कुलमुखत्यारपत्र एका सकाळीत मिळतं. अतांनी सालकीनला मुखत्यारपत्र करून दिलं, पैसे घेतले, जेवणाचं दस्तरखान अंथरून त्यावर रोटी मोडली आणि सगळ्यांनी तळवे उघडून दुआ मागितली. मेलिसनेही. पावती? पावतीचं नाव कुणी काढलं नाही.

"दुआ झाल्यावर पावती मागायची?" सालकीन मला म्हणाली. "लाज नाही वाटणार, एजे?" आमच्यात वयाने मोठ्या बाईला एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"अगं बये, मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. देणारा गेला की कागदही गेला. मग घर वारसांचं!"

"तुमच्या जिभेला काही हाड! धडधाकट म्हाताऱ्याला कशाला मारताय?"

दर तीन वर्षांनी कागदाची मुदत संपायची. अता यायचे, हसत सही करायचे, जर्दाळूखाली बसून चहा प्यायचे आणि जायचे. अशाच एका खेपेला मी सालकीनला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, उद्या म्हाताऱ्याला घेऊन जा आणि खरेदीखत करून मोकळी हो. तशी तिने माझ्यावर डोळे वटारले. "माझ्या ताटावर बसलेल्या माणसाला काय सांगू? अता, तुम्ही आता मरणार, तेवढी सही करून ठेवा?" माझं डोकं फिरलं. पण खरं सांगू, तिच्या जागी मी तरी हे बोलले असते की नाही, कुणास ठाऊक.

सोळा वर्षं गेली. तिने नवं छप्पर घातलं, अंगणात नळ आणला, दर वर्षी घराचा कर भरला. मग गेल्या शरद ऋतूत एका सकाळी मेलिस तिच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. अता पहाटे गेले होते.

"एजे, मी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, तिथे तंबू कुठे उभारू?" तो म्हणाला. "अता शेवटपर्यंत एकच म्हणत होते, मला माझ्या घरातून न्या. तुमच्या अंगणात तंबू उभारू द्या."

सालकीन धावत माझ्याकडे आली. "एजे, काय करू?"

आणि मी, सव्वीस वर्षं कागद चिवडलेली शहाणी, काय म्हणाले? म्हटलं, "मेलेल्या माणसाला दार लावणार आहेस? लोक तोंडात शेण घालतील. उभारू दे तंबू." त्या क्षणी सगळा कायदा माझ्या डोक्यातून पार निघून गेला होता. हे मी स्वतःला कधीच माफ करणार नाही.

नमद्याचा तंबू उभा राहिला; आमच्यात दफनापर्यंत मयत स्वतःच्या अंगणात अशाच तंबूत ठेवतात. दोन दिवस अता आत होते. बायका भिंतीकडे तोंड करून विलाप गात होत्या, त्यात सालकीनचाही आवाज होता. बाहेर फाटकाशी मेलिस, घरच्या मुलाने उभं राहावं तसा, काठीवर रेलून ओरडत होता, "माझ्या बापा, माझ्या उंच पहाडा!" येणारा प्रत्येक पुरुष आधी त्याला मिठी मारत होता. सालकीनने दोनशे माणसांच्या रोट्या भाजल्या. चाळिसाव्याचं जेवणही तिच्याच चुलीवर झालं.

त्यानंतर पंधरा दिवसांत मेलिसने वारसाहक्काचा अर्ज केला आणि सालकीनला घर खाली करण्याची नोटीस आली.

वकील म्हणाला, एक वाट आहे. पंधरा वर्षं उघडपणे, मालकासारखी वहिवाट केली तर घर वहिवाटदाराचं होतं. तिची तर सोळा भरली होती! छप्पर, नळ, कराच्या पावत्या, सगळं हाताशी होतं. मी म्हटलं, सालकीन, जिंकलीस. त्या रात्री ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

कोर्टात मेलिसच्या वकिलाने मोबाइलवर जनाज्याचं चित्रण लावलं. "मालकीण ही बाई होती," तो म्हणाला, "तर बेयशेन-अतांचा जनाजा इथून कसा निघाला? आपल्यात मुलगा परक्याच्या अंगणात बापाचा तंबू उभारतो का?" न्यायाधीशही आमच्यातलाच. त्याने मान डोलावली.

मग मला उभं केलं. सालकीनची साक्षीदार म्हणून!

"तंबू कुणी उभारला?" मेलिसच्या वकिलाने विचारलं.

"मेलिसने."

"फाटकाशी काठी घेऊन कोण उभं होतं?"

"मेलिस."

"आणि या बाई काय करत होत्या?"

"चहा देत होत्या."

खोटं बोलायला जीभ उचलली नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घर मेलिसला मिळालं. बाहेर येऊन तो सालकीनला म्हणाला, "घाई नाही एजे, जर्दाळू उतरेपर्यंत राहा." माझा तोल सुटला. "मेल्या, सगळ्यांबरोबर तळवे उघडून दुआ मागितली होतीस ना? केसाने गळा कापलास तिचा!" तो जमिनीकडे बघत जिना उतरून गेला.

सालकीन बाकावर बसली होती. मी शेजारी बसले.

"एजे, खरं सांगा. त्या सकाळी मी फाटक उघडलं नसतं, तर घर राहिलं असतं?"

एवढं झाल्यावर तिच्याशी काय खोटं बोलायचं? म्हटलं, "राहिलं असतं."

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला.

"मग अतांना कुठे ठेवलं असतं?" तिने विचारलं.