भोंगाबाईचा घसा

घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणारी बाई एकच, आणि तिचा आवाज असा खणखणीत, की रस्त्यापलीकडच्या माणसानेही बोली लावावी. सगळे तिला भोंगाबाई म्हणत. तिलाही ते नाव मानाचं वाटे.

अलीकडे तिचं ब्लडप्रेशर काही केल्या उतरेना. पाय सुजत, छाती धडधडे. मुलाने टुमणं लावलं, "आई, ओरडून ओरडूनच चढतंय ते. आता घरी बस." सून जास्वंदीचा काढा देऊ लागली. भोंगाबाई गोळ्या घेई, काढाही घेई, पण बाजार सोडायचा विषय निघाला की खवळे. "मेले तर तिथंच मरेन, समजलं?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई गोळी वाढवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात भोंगाबाईने पिशवीतली बाटली काढून घोट घेतला.

"हे काय?"

"ज्येष्ठमधाचा अर्क. घशाला. दिवसभर चालूच असतो."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, यानेच प्रेशर चढतं. मी गोळीने उतरवते आणि तुम्ही घोटाघोटाने चढवता."

"अहो, झाडाचं मूळ ते. त्याने काय होतंय? सून जास्वंदीचा काढा देते, तसंच."

"झाडाचं म्हणून निरुपद्रवी, असं कोणी सांगितलं? हे बंद. गोळ्या चालू. आणि काढ्याचंही आधी मला सांगायचं होतंत."

अर्क सुटला. प्रेशर हळूहळू उतरलं, पायांची सूज गेली, आणि एका सकाळी घसा ऐन बाजारात बसला. मुलगा मनातून खूश झाला. तिला न्यायला तो तडक बाजारात आला.

"भोंग्याची बॅटरी उतरली," कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. भोंगाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटलीची आठवण झाली, नाही असं नाही. पण ती कंबरेवर हात ठेवून खोक्यावर चढली आणि घोगऱ्या आवाजात पुटपुटल्यासारखी म्हणाली, "टोमॅटो. पहिला ढीग. एकदाच सांगणार. माल हवा त्याने तोंड मिटावं."

हसणाऱ्याला भाव ऐकूच गेला नाही. ढीग दुसऱ्याने उचलला. दुसऱ्या ढिगाला सगळे पुढे सरकून, माना वाकवून उभे राहिले.

"आई, आता तरी घरी—" मुलाने सुरुवात केली.

"गप रे," शेजारचा व्यापारी त्याच्यावर खेकसला. "बाई काय म्हणतात ते ऐकू दे."