दोरीमामांची चौथी घंटा

पहिली घंटा प्रेक्षकांची, दुसरी नटांची आणि तिसरी दोरीमामांची, असं त्या थिएटरात म्हणत. तिसरी झाली की मामा दोरीला हात घालत आणि तो जडशीळ मखमली पडदा असा अलगद सरके, जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण कुणी काढतंय. एकतीस वर्षं हेच काम. किती नायक आले, टाळ्या घेऊन गेले. पण त्या टाळ्यांचं दार उघडलं ते मामांच्याच हातांनी.

साठीच्या उंबरठ्यावर त्या मामांच्या डाव्या कानात घंटा वाजू लागली. बारीक, विजेची, न थांबणारी. आधी त्यांना वाटलं, कुणीतरी बटण दाबून विसरलंय. दोन दिवस ते भिंतीभिंतीवर बटण शोधत हिंडले. मग उमगलं, बटण आपल्याच डोक्यात आहे.

कुणापाशी बोलले नाहीत. पडदेवाल्याच्या कानात घंटा म्हणजे आचाऱ्याच्या जिभेची चव जाणं. लोक आधी हसतील, मग दुसरा माणूस शोधतील. आणि दोरी गेली तर मामांजवळ मामापण तरी काय उरणार? म्हणून ते चहाला बसेनासे झाले. विंगेत एकटे उभे राहून कानातल्या घंटेचाच कानोसा घेत. मेली ती घंटा, लक्ष दिलं की चढे. चढली की धास्ती वाटे. धास्ती वाटली की आणखी चढे.

शेवटी एका दुपारच्या प्रयोगाला व्हायचं ते झालं. दुसरी घंटा होऊन गेली होती. मामा दोरीशी उभे. आणि तिसरी वाजली, अगदी ठणठणीत. मामांनी दोरी ओढली.

पडदा उघडला, तर मुख्य नटी, ज्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, त्या स्टुलावर चढून दिवाणखान्यातला आरसा सरळ करत होत्या. आरसा वाकडा असला की त्यांना संवाद आठवत नसत. बाईंनी मान वळवली, भरलेलं थिएटर पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा, बसा. आवरतंच आलंय."

हशा झाला, टाळीही पडली. मामा मात्र घामाने निथळत होते. प्रयोग संपताच मॅनेजरपुढे जाऊन उभे राहिले.

"दोरी दुसऱ्या कुणाला द्या. माझ्या कानात घंटा वाजते."

"कधीपासून?"

"आठ महिने झाले."

"आठ महिन्यांत एकदाच चुकलात? आपल्या नायकाच्या कानात काही वाजत नाही, तरी रोज चुकतो." मॅनेजर हसला, मग हळू आवाजात म्हणाला, "आठवडाभर घरी थांबा. कान दाखवून या. मग दोरीचं बोलू."

डॉक्टरांकडे मामीही गेल्या. मामी नाटक कंपनीचे कपडे शिवत. टाका आणि शब्द दोन्ही नेमके. डॉक्टरांनी तपासलं. ऐकू थोडं कमी येत होतं, बाकी भिण्यासारखं काही नव्हतं.

"आवाज पुरता जाईल असं वचन मी देत नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला निम्मा त्रास आवाजाचा आहे, निम्मा त्याच्या भीतीचा. एकटे बसू नका. सामसूम खोलीत तर नकोच."

"म्हणजे पाहुणा आलाय म्हणा," मामी म्हणाल्या. "अन् हे दिवसभर त्याच्यापुढे बसून चहा घेणार का, चहा घेणार का विचारतात. मग तो उठेल कशाला?"

"मामी, माझ्या खुर्चीत तुम्हीच बसा," डॉक्टर म्हणाले.

तो आठवडा मामा शिलाई मशीनशेजारी बसून जुने झगे उसवत राहिले. मशीनच्या खडखडाटात पाहुणा दबून जाई. एकदा तर तासभर त्याची आठवणच झाली नाही, आणि झाली तेव्हा मामांना स्वतःचंच हसू आलं.

आठव्या दिवशी ते चहाच्या वेळी कंपनीत येऊन उभे राहिले. आयुष्य पडद्याआड काढलेला हा माणूस, चारचौघांत बोलायची सवय नाही. पण सगळं आपल्या तोंडाने सांगितलं. "हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," म्हणाले.

"मला टाळी मिळवून दिलीत, वर माफी मागता?" थोरल्या बाई म्हणाल्या. "दोरी तुमचीच. तिसरी झाली की जवळ असेल त्याने मामांना नुसतं 'खरी' म्हणायचं. ठरलं?"

ठरलं. मामांनी त्यात आपली एक भर घातली: 'खरी' ऐकल्यावरही रंगमंचावर नजर टाकायची, माणूस न् माणूस जागेवर पाहायचा, मगच हात घालायचा. कंपनीला मात्र त्या शब्दाची अशी सवय लागली, की एकदा नायक रंगमंचावर गेला आणि पहिल्या संवादाऐवजी "खरी" म्हणून मोकळा झाला. प्रेक्षकांना वाटलं, यात काहीतरी खोल अर्थ आहे.

मग एका संध्याकाळी थिएटरची घंटाच बिघडली. दोन झाल्या, तिसरी वाजेना. मॅनेजर धापा टाकत विंगेत आला. "मामा, घंटा बंद पडली. आता कसं हो?"

मामांनी वाकून पाहिलं. आरसा सरळ. बाई खुर्चीत. नायकाच्या हातात पत्र. कानात पाहुणा आपला वाजतच होता, आणि मामांच्या हाताला आज घाम नव्हता.

"माझी चालू आहे," ते म्हणाले.

खुर्चीतून मान न हलवता थोरल्या बाई पुटपुटल्या, "खरी."

मामांनी दोरी ओढली.