रात्री तीनलाही ओके

आण्णांच्या छातीला चोवीस तासांसाठी ते यंत्र चिकटवलं, तेव्हा दवाखान्यातून सोबत एक कागद मिळाला. दर तासाला काय करत होतात, चक्कर आली का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, हे त्यावर लिहायचं. गेल्या महिन्यात आण्णा दोनदा भिंत धरून उभे राहिलेले आईने पाहिले होते. नाडी मंद होती. गोळ्या तपासून झाल्या, रक्त तपासून झालं. आता माझ्या वडिलांना पेसमेकर बसवायचा की नाही, ते या यंत्रावर आणि कागदावर ठरणार होतं.

थेरगावातली शेती गेल्यावर आण्णांनी तीस वर्षं कंपनीत काढली. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ऑडिट आलं की कसं वागायचं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी आण्णा जिना उतरले नाहीत, डांगे चौकात भाजीला गेले नाहीत. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसून राहिले. "बगू दे त्यांना काय बगायचं ते," म्हणाले. आई हसली. मला हसू येईना.

मी रात्री माहेरीच राहिले होते. सकाळी यंत्र काढायला निघताना कागद माझ्या हाती आला. चोवीस रकाने, चोवीस 'ओके'. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. रात्री तीनलाही ओके! तीनला तर हा माणूस घोरत होता, मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते.

शिफ्ट संपताना एका बैठकीत भरलेली शीट मला लांबून कळते. असल्या ऑपरेटरला मी चांगलं फैलावर घेते. पण त्या सकाळी मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. खरं सांगते, तो वाचून मला बरं वाटलं होतं. मलाही ओकेच हवं होतं.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. "दुपारी दोनच्या सुमाराला हृदय काही सेकंद थांबलं होतं. तेव्हा त्रास झाला असेल, तर पेसमेकर बसवायला हवा. काहीच जाणवलं नसेल, तर थोडं थांबून बघता येईल." मग त्यांनी यंत्रासोबत आम्ही दिलेला कागद उलगडला. "दोनला तुम्ही ओके लिहिलंय."

"व्हय. ओकेच."

मी आण्णांकडे पाहिलं. ते खिडकीकडे पाहू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोर दोन होते.

"डॉक्टर, ही शीट खोटी आहे," मी म्हणाले. लाइनवर चढतो तसा माझा आवाज चढला. "रात्री तीनला झोपेत कोण लिहितं, आण्णा? आणि मी, रोज लोकांना यावरून झापणारी, तुमचा कागद बघून गप्प बसले. भीती वाटली म्हणून."

आण्णा शर्टाचं बटण चाचपू लागले. "बिघाडाचा लाल टॅग लागला की मशीन कोपऱ्यात जातं, पोरी. मग त्याला कोण हात लावत न्हाई. तीस वर्सं बगितलंय."

माझा राग कुठच्या कुठे गेला. "कोपऱ्यात कोण टाकतंय तुम्हाला? तुम्ही कुठे पडलात तर आम्ही काय करायचं, ते सांगा!"

डॉक्टरबाईंनी कागद आण्णांकडे सरकवला आणि स्वतःचं पेन दिलं.

कंपनीच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. आण्णांनी चष्मा लावला. दोनच्या रकान्यातल्या 'ओके'वर सरळ रेघ ओढली आणि लिहिलं, 'न्हाणीत होतो. अंधारी आली. नळ धरला.' मग आणखी एक शब्द लिहिला, 'भ्यालो', आणि त्याखाली सही केली.