भावोजींचा बोया

सुरक्षिततेचे उपाय करून करून माणसांच्या जिवाला एवढा घोर लावणारा इसम आमच्या भावोजींखेरीज उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते फिटर होते. कारखान्याच्या भिंतींवर ‘सावधान’ म्हणून जे जे लिहिलेलं असे, ते बाकीच्या कामगारांनी कधी वाचलं नाही, कारण सगळ्यांच्या वाटचं भावोजींनीच वाचलं होतं. पोलादपूरच्या त्यांच्या घरात गॅसच्या सिलिंडरला साखळी, शिडीला साखळी, आणि पाहुण्याला दिलेल्या खुर्चीचा एक पाय खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला. आंबे काढायला चढताना डोक्यावर हेल्मेट. एकदा फणस काढताना त्यांनी दोन दोर घेतले, एक स्वतःला झाडाशी बांधायला आणि दुसरा फणस अलगद खाली सोडायला. वर गेल्यावर काय गफलत झाली देव जाणे, पण फणस झाडाला पक्का बांधलेला राहिला आणि भावोजी खाली आले. कमरेला शेक घेत मला म्हणाले, “दोर चांगला हाय हां शेठ. फणसाला काय झाला नाय.”

शेठ म्हणजे मी. महाडच्या बाजारपेठेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि माझी थोरली बहीण भावोजींना दिलेली आहे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक उचापतीचं सामान माझ्याच दुकानातून गेलं. तेव्हा थोडं पाप माझ्याही खाती आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

तर अशा या माणसाला एकच शौक, आणि तोही पाण्याखालचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला नदीत एक कोंड आहे, खोल, गार आणि दिवाळीनंतर तळ दिसेल इतका नितळ. सुट्टीच्या दिवशी भावोजी तिथं बुडी मारून मासे टिपायचे. हत्यार म्हणजे मोडक्या छत्रीची घासून टोकदार केलेली तार, आणि ती सोडायला सायकलच्या ट्यूबचं रबर. श्वास धरून खडकाच्या कपारीशी असे दबा धरून बसत, की वर काठावरच्या माणसाचाच श्वास अडकावा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ताईनं हा प्रकार एकदा प्रत्यक्ष पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, “हे आजपासून बंद.”

ताईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्ही शाळेत असताना तिची एक मैत्रीण नदीत उतरली ती वर आलीच नाही. ताई काठावर तिच्या चपला सांभाळत बसली होती. बराच वेळ तिला वाटत राहिलं, की ही गंमत करतेय. त्या दिवसापासून ताई पाण्यात घोट्याच्या वर कधी गेली नाही. भावोजींना मात्र हा मनाईहुकूम फारच लागला. बंदीपेक्षा आपल्याला कुणी बेसावध म्हटलं, हे त्यांना सहन होईना. “मी? मी बेसावध?” म्हणून ते आठवडाभर घरात फिरत होते, तेही पायात बूट घालून, फरशी ओली असते म्हणून.

मार्ग सापडला तो माझ्या घरी. नुकतीच केबल आली होती आणि कुठल्याशा इंग्रजी चॅनेलवर एक गोरा समुद्रात भाल्यानं मासे मारत होता. आम्ही सगळे तो मासा बघत होतो, माशाच्या आकारावरून माझी बायको किती माणसांचं कालवण होईल याचा हिशेब करत होती, आणि भावोजी एकदम ओरडले, “बोया!” गोऱ्याच्या कमरेला दोर होता आणि दोराच्या वरच्या टोकाला पाण्यावर एक लाल गोळा तरंगत होता. माणूस खाली कुठं आहे ते होड्यांना वरून दिसावं म्हणून. आमच्या कोंडात होडी सोडा, केळीचं सोपटही कधी कुणी सोडलेलं नाही. पण भावोजी ताईकडे वळून म्हणाले, “अगो, मी खाली कुठं हाय ता तुला सारखा दिसला तर?” ताई म्हणाली, “दिसलं पाहिजे. सारखं. आणि दोर कमरेचा सुटता कामा नये.” झालं, करार झाला.

पहिला बोया गोडेतेलाच्या डब्याचा. झाकणातून पाणी शिरून तो बुडाला आणि तो शोधायला भावोजींना तीन बुड्या माराव्या लागल्या. दुसरा हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून आणलेल्या ट्रकच्या ट्यूबचा. तो बुडायचं नाव घेईना, पण वाऱ्यानं असा सुटला की भावोजींना ओढत कोंडाची प्रदक्षिणा घालून आला. तिसरा गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलचा. त्याला लाल ऑइलपेंट द्यायचा म्हणून मीच डबा दिला, मीच वर थिनर दिलं, आणि आम्हा दोघा जाणत्या पुरुषांच्या डोळ्यांदेखत तो बोया विरघळून लाडवाएवढा झाला. भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गल्ल्याखाली काहीतरी शोधायला वाकलो.

चौथा मात्र जमला. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन, झाकणाच्या आत ताईच्या कुकरची रिंग (त्या आठवड्यात ताईकडची डाळ दाताखाली लागत होती), तीस फूट नायलॉन दोर, जादा तार अडकवायला रबराचे पट्टे, आणि वर काठीला लाल खणाचं निशाण. हौदात एक दिवस आणि एक रात्र तरंगत ठेवून त्याची चाचणी झाली. ताईनं सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, “मी भाकऱ्यांचं गाठोडं सोडायला मान वळवली तर?” दुसऱ्या दिवशी निशाणाच्या काठीला त्यांनी गाईच्या गळ्यातली घंटा बांधली.

ती घंटा म्हणजे कमाल झाली. भावोजी खाली हलले की वर खणखणाट. चार सुट्ट्या ताई काठावर निर्धास्त बसली, आणि चार सुट्ट्या कोंडात एक मासा भावोजींच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. अख्ख्या नदीला दवंडी पिटून शिकारीला जाणारा शिकारी मी दुसरा पाहिलेला नाही. मी चिडवायचो, “भावोजी, आरती पण म्हणा, प्रसादाला तरी येतील!”

पाचव्या सुट्टीला मी जेवायला होतो. ताईनं वाटण करून आणलं होतं, तीन दगडांची चूल मांडली होती, आणि मी उगाचच भूक भूक करत होतो. भावोजी उतरले, घंटा वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मी पेपर वाचत होतो. जरा वेळानं ताई म्हणाली, “ही घंटा अशी का वाजतेय?” मला काही कळेना, घंटा छान वाजत होती, एकसारखी, टण टण टण टण. “तेच तर,” ताई उभी राहिली. “माणूस बांधलेला असला की अशी वाजत नाही. ते दम धरतात तेव्हा थांबते.” आणि पुढे काही न बोलता ती पाण्यात शिरली.

मला पोहता येतं. पण मी काय केलं असेल? मी आधी माझा पेपर उडू नये म्हणून दगड शोधला. डोकं चालत नाही अशा वेळी. तोवर ताई गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या, गळ्याएवढ्या पाण्यात गेली होती. तिचा पाय सुटला, तिनं कॅन कवटाळला आणि एका हातानं दोर ओढायला लागली. दोर येईना. तेव्हा तिनं हाक मारली. ‘अहो’ म्हणून नाही, नावानं. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सगळ्या कोंडावर ऐकू गेलं ते.

खालच्या अंगाच्या खडकामागून भावोजींचं डोकं वर आलं. हातात तार, तारेला हातभर लांब वाम वळवळतेय, चेहऱ्यावर दिवाळी. “मिळाली गो!” एवढं म्हणाले आणि कॅनला लटकलेली ताई त्यांना दिसली. माशांनी ऐकू नये म्हणून पठ्ठ्यानं कमरेचा दोर सोडून तळाच्या धोंड्याला बांधला होता आणि हा गुपचूप पलीकडे गेला होता; वर कॅन नुसता पाण्याच्या हेलकाव्यानं वाजत होता. तार, वाम, सगळं हातातून सुटलं. मी पोचायच्या आत त्यांनी तिला काठाला आणली. ताईनं आधी त्यांची कमर चाचपली. एवढंच म्हणाली, “सोडलात दोर?” भावोजींनी टॉवेल तिच्या अंगावर घातला. मला राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघून रडूही येत होतं. चूल तशीच राहिली आणि आम्ही न जेवता घरी आलो.

भावोजींनी कॅनवरची जादा तार आणि रबर माझ्या दुकानात आणून टाकलं. “भंगारात दे शेठ,” म्हणाले. घरात महिनाभर बोलणं जेवणापुरतं. मग एका सुट्टीला ताईनंच कॅन माळ्यावरून काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. “मला शिकवा,” म्हणाली. “काठावर नुसतं बसून मला आता जमणार नाही.” आणि अडतिसाव्या वर्षी, जुना पंजाबी ड्रेस घालून, त्या बोयाला धरून ताई पोहायला शिकली. वर्षभरात बोया सोडून पोहायला लागली, आणि पुढच्या वर्षी बुडी मारून तळाचे गोटे वर आणायला लागली.

मध्यंतरी गेलो होतो तेव्हा ताई पाण्यात होती आणि भावोजी काठावर, मांडीवर टॉवेल घेऊन. केस पांढरे झालेत. बोया घेतला नव्हता. मी बाजूला बसलो आणि दुकानातली काहीतरी गंमत सांगायला लागलो. भावोजींनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. नजर पाण्यावरून हलली नव्हती.

“गप ऱ्हा जरा,” ते म्हणाले, “ती खाली गेलीय.”